गोदाम कोणाचे?

गेल्या वर्षी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेला हजर होतो. विषय संपत आले तसे मागच्या रांगेतले एक काका उठले. “मला आता बाहेर पडायचंय. गोदामातला माझा वाटा तेवढा मोकळा करून द्या.” संचालक एकमेकांकडे पाहू लागले. काकांनी शेजारी बसलेल्या पुतण्याला उठवले, “तू वकिलीच शिकतोस ना? सांग की यांना.” पोरगा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. कंपनी कायद्याचा पेपर आदल्याच सत्रात सुटलेला. तो खाली मान घालून उभा राहिला.

उत्तर त्याच्या पुस्तकात होते. मुंबईच्या बाचा गझदर या चहा कंपन्यांच्या भागधारक. चहाच्या उत्पन्नातला साठ टक्के भाग शेतीचा धरून त्यावर प्राप्तिकर लागत नसे. मग आपल्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा शेतीचेच उत्पन्न माना, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ते फेटाळले. मळा कंपनीचा, भागधारकाचा नव्हे. भागधारकाला नफ्यात वाटा मिळतो, कंपनी मोडली तर देणी भागवून उरलेल्यातही मिळतो, पण चालत्या कंपनीच्या मालमत्तेतला तुकडा तोडून मागता येत नाही. चहाच्या मळ्याच्या जागी गोदाम ठेवले की काकांचे उत्तर तयार. त्या मुलाने हा खटला परीक्षेत लिहिलाही असेल. मळ्यावरून गोदामापर्यंत यायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

हा दोष मुलाचा नाही. आपल्याकडे हा विषय नोट्स उतरवून घेण्याचा झाला आहे. कृत्रिम व्यक्ती, अखंड अस्तित्व, सामाईक शिक्का अशी वैशिष्ट्ये ओळीने पाठ होतात. तो शिक्का 2015 च्या दुरुस्तीने ऐच्छिक झाला, तरी कित्येक वह्यांत तो अजून सक्तीचाच आहे. सॉलोमनचा खटलाही तसाच. लंडनमधल्या या बूट व्यापाऱ्याने आपला धंदा कंपनी करून तिलाच विकला. कंपनी बुडाली तेव्हा मालक वेगळा आणि कंपनी वेगळी, असा निवाडा झाला. एवढे सगळ्यांना येते. पण त्या कंपनीला विनातारण उधारी देणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही, हे किती वर्गांत सांगितले जाते? मला तर खटल्याचे मर्म तिथेच दिसते. उद्या हीच मुले कोणाला तरी सल्ला देणार आहेत, आणि तो बहुधा उधारी देणाराच असेल.

आणि कंपनी आता नरिमन पॉइंटपुरती राहिलेली नाही. उत्पादक कंपनीची तरतूद 2003 पासून लागू आहे. किमान दहा शेतकरी एकत्र आले की ती नोंदवता येते. शेअर कितीही असोत, व्यक्तिगत सभासदाला मत एकच. सहकारी सोसायटीचे संस्कार असलेल्या आपल्या गावांना ही रचना जवळची वाटते. पण इथे गाठ उपनिबंधकांशी नाही, कंपनी निबंधकांशी आहे. हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करायला उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये चढतात. सलग तीन वर्षे काही दाखल केले नाही तर संचालकपद जाते. 2017 मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदीतून काढली गेली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले. तालुक्याच्या गावी हे वेळेत सांगणारा माणूस हवा असतो, आणि तो सहसा नसतो.

एलएलबीच्या विद्यार्थ्याला न्यायालयात बसून दोन खटले पाहावे लागतात आणि त्यांच्या नोंदी लिहून द्याव्या लागतात. चांगली सक्ती आहे ती. मग कंपनी कायद्याच्या विद्यार्थ्याला एकही ताळेबंद न वाचता, एकही सभेची नोटीस न पाहता, घटनापत्रक हातात न धरता पुढच्या सत्रात कसे जाऊ देतो आपण? कोणत्याही कंपनीची शेवटची वार्षिक सभा कधी झाली आणि कोणत्या तारखेपर्यंतचा ताळेबंद दाखल आहे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पैसे न भरता दिसते. यासाठी नवे अनुदान नको, नवी इमारत नको.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना एवढीच विनंती आहे. या विषयाच्या अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातल्या एका उत्पादक कंपनीचे कागद वाचायला लावा आणि तिच्या एका वार्षिक सभेला बसवा. येत्या सत्रापासूनच सुरू करा. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत गावोगावी होतच असतात.