इंजिनाच्या पोटातील पाणी

मोटार ही आता केवळ धनिकांच्या दारची वस्तू राहिलेली नाही. आमच्या राजापेठेतीलच मध्यम स्थितीच्या कित्येक कुटुंबांनी भविष्यनिर्वाह निधीतून किंवा बँकेचे कर्ज काढून ती घरी आणिली आहे. तेव्हा तिच्या दुखण्यांचा विचार या पानावर करणे अप्रस्तुत होईल असे आम्हांस वाटत नाही. पावसाळ्यातील एक दुखणे तर असे आहे की, त्यात रोगापेक्षा घाईने केलेला उपचारच अधिक घात करितो. ते म्हणजे इंजिनात पाणी शिरणे. मिस्त्री मंडळी यास ‘हायड्रोलॉक’ म्हणतात.

इंजिनाचे काम एका अर्थी श्वासोच्छ्वासाचे आहे. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली येताना हवा आत ओढली जाते आणि वर जाताना तो ती दाबतो. चार सिलिंडरांचे १२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन घ्या. त्यातील एका सिलिंडराच्या वाट्यास सुमारे ३०० घनसेंटिमीटर येतात. दट्ट्या अगदी वर पोहोचला म्हणजे त्याच्या डोक्यावर जी पोकळी उरते ती अवघी ३०-३५ घनसेंटिमीटरची असते. संध्येच्या लहान पळीने मोजू गेल्यास सहा-सात पळ्या! डिझेल इंजिनात हवा याहून पुष्कळ अधिक दाबली जाते, म्हणून तेथे ही पोकळी आणखी लहान असते. आता हवा दबते, परंतु पाणी व्यवहारतः दबत नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पाण्याचे लक्षण शीत स्पर्श असे सांगितले आहे. इंजिनाचा मालक मात्र त्याच्या या दुसऱ्याच गुणाने गाठला जातो. या पोकळीत मावते त्याहून अधिक पाणी सिलिंडरात गेले की दट्ट्या मध्येच अडतो. गतीत असलेला क्रँक खालून रेटीतच असतो, आणि दोहोंमध्ये सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. क्वचित तो तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेरही येतो.

पाणी शिरते कोठून? बहुतेक गाड्यांत हवा घेण्याचे तोंड पुढच्या जाळीच्या मागे असते, व काही गाड्यांत ते बरेच खाली असते. साचलेले पाणी त्या तोंडाखाली असले तरी आपल्याच गाडीने उसळविलेली लाट, किंवा समोरून येणाऱ्या ट्रकची लाट, तेथवर सहज पोहोचते. आमच्या राजापेठेत रेल्वेरुळांखालून जाणारा भुयारी मार्ग आहे. असल्या मार्गांत पाणी साचले म्हणजे रस्त्याचा उतार दिसेनासा होतो, आणि कडेचे पाणी घोटाभर पाहून आत गेलेला मनुष्य मध्यावर मांडीभर पाण्यात सापडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सहस्रावधी मोटारी जागच्या जागी बंद पडल्या, आणि काही माणसे बंद मोटारींतच गुदमरून मेली. म्हणून पहिली गोष्ट ही, की पाणी चढत असेल तर गाडीचा मोह सोडून माणसांनी आधी बाहेर पडावे.

दुसरी गोष्ट किल्लीची. गाडी पाण्यात बंद पडली की सेल्फ मारून पाहण्याची हाताला अनावर ओढ लागते. वस्तुतः कित्येकदा तोवर केवळ एअर फिल्टर भिजलेला असतो व सिलिंडर कोरडेच असतात. सेल्फ मारताच इंजिन दारात थांबलेले पाणी स्वतः होऊन आत ओढते. त्यातच एखाद्या सिलिंडराने पेट घेतला, तर त्याच्या जोराने शेजारचा दट्ट्या पाण्यावर आपटतो. अलीकडच्या काही गाड्यांत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय असते. पाण्यात गाडी घालणे भागच पडले, तर ती सोय आधी बंद करावी. खरे म्हणजे चाकाच्या निम्म्याहून वर पाणी दिसले तर गाडी घालूच नये. बंद पडलेली गाडी गिअर काढून ढकलावी. गिअरमध्ये ठेवून धक्का मारणे म्हणजे सेल्फच मारणे होय. स्वयंचलित गिअरची गाडी टोचन न करिता उचलूनच न्यावी.

या नियमाचे मोल आमच्या शेजारी घडलेल्या एका प्रकरणात दिसून आले. निवृत्त कारकून असलेल्या एका गृहस्थांची गाडी त्यांच्या चिरंजीवाने पाण्यात घातली व बंद पडल्यावर तीनदा सेल्फ मारला. एका गॅरेजात प्लग काढून पाणी उडविले, ऑइल बदलले, आणि गाडी सुरू झाली. ‘आता काळजी नको’ असे सांगून बिलही हाती दिले. चार दिवसांनी वृद्ध मातोश्रींना उपचारासाठी नागपुरास न्यावयाचे होते. सुदैवाने गृहस्थांनी गाडी आपल्या जुन्या ओळखीच्या मिस्त्र्यास दाखविली. तो कान देऊन बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “काका, गाडी चालू तं होऊन राह्यली, पण मले भरोसा वाटत नाही. आजीले घेऊन इतक्यात जाऊ नका.”

त्याने काय केले हे सविस्तर सांगण्याजोगे आहे. प्रथम चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजला. तिहींचे आकडे जवळजवळ सारखे आले व एकाचा बराच खाली उतरला. व्हॉल्व गळत असला तरीही दाब कमी येतो, म्हणून तेवढ्यावर निर्णय न देता त्याने क्रँक पान्याने हळूहळू फिरविला. प्रत्येक दट्ट्या अगदी वर आला असता प्लगच्या भोकातून बारीक सळई आत सोडून त्याने खूण केली. त्या एका सिलिंडरात सळई दोन मिलिमीटर खोल गेली. दट्ट्या वरपर्यंत पोहोचत नव्हता, याचा अर्थ रॉड वाकून आखूड झाला होता. असा रॉड गाडी सुरू होऊ देतो, गावात चालूही देतो. पण भरधाव रस्त्यावर केव्हा तुटेल याचा नेम नसतो.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, चालते आहे तोवर चालवू या, पुढे पाहू.” खर्चाचा आकडा ऐकून गृहस्थही विचारात पडले. तेव्हा त्यांच्या पत्नींनी एवढेच विचारिले, “मग आईंना तुम्ही याच गाडीतून न्याल का?” मातोश्री आगगाडीने गेल्या व इंजिन उघडले गेले. हेड व खालचे ऑइलचे भांडे काढून वाकलेला रॉड बाहेर आला. तो ठोकून सरळ करून देणारे कारागीर भेटतात, परंतु एकदा वाकलेल्या पोलादाचा विश्वास धरू नये, नवाच घालावा. बाकीचे तीन रॉड, बेअरिंगा, क्रँकचा सरळपणा व सिलिंडराची गोलाई तपासून, नवे गॅस्केट बसवूनच इंजिन बंद करावयाचे असते.

विम्याविषयी दोन शब्द. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते, हे खरे. तथापि बुडालेली गाडी सुरू करू गेल्याने मोडलेले इंजिन हे ‘परिणामी नुकसान’ ठरवून कंपन्या पुष्कळदा रक्कम नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ म्हणून वेगळे कलम थोडे अधिक पैसे भरून घेता येते, पण त्याच्या अटीही वाचाव्या लागतात. गाडी पाण्यात उभी असतानाच तिची छायाचित्रे काढावी व कंपनीस कळवूनच ती हलवावी.

घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणी फार थोडी आहे. बॅटरीची ऋण तार सोडवावी. एअर फिल्टर उघडून ओला आहे की कोरडा ते पाहावे. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. मग मिस्त्र्यास बोलवावे, आणि ते त्याच दिवशी. कारण सिलिंडरात राहिलेले पाणी थोड्याच दिवसांत गंज धरविते. दुरुस्तीनंतरही पहिले ऑइल थोडक्याच मैलांनी पुन्हा बदलावे आणि गिअरपेटीचे ऑइल व ब्रेक पाहण्यास मिस्त्र्यास विसरू देऊ नये.