तलाव बंद करण्याचे दिवस
आमच्या विदर्भातल्या नागभीडकडे थंडीत पाण्याची काळजी म्हणजे बोडीची (छोट्या तलावाची) पाळ आणि तुडूम (पाणी सोडायचं तोंड) पाहणं, राहिलेलं पाणी कुठवर पुरेल याचा अंदाज घेणं. पाणी गोठेल ही धास्ती नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, तेवढ्यानंच विदर्भ काकडला होता. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना मात्र परसातला तरणतलाव हिवाळ्याआधी रीतसर ‘बंद’ करावा लागतो. आपल्याला पहिला उपाय सुचेल तो सगळं पाणी काढून टाकण्याचा, आणि तोच घातक! भूजल वर असेल तर रिकामं कुंड जमिनीतून चक्क उचललं जातं. आतल्या पाण्याचं वजनच त्याला दाबून धरतं. म्हणून पाणी थोडंच उतरवायचं, कडेच्या नळ्यांच्या तोंडाखाली येईल इतकं. खरा धोका या नळ्यांनाच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. उघड्यावर त्याला वर सरकायला वाव असतो, बंद नळीत नसतो. तेव्हा पंप आणि फिल्टर निथळायचे, कॉम्प्रेसरच्या हवेनं नळ्यांतलं पाणी हाकलायचं, बुचं ठोकायची. काही जण नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलही ओततात (मोटारीतलं एथिलीन ग्लायकॉल नव्हे, ते विषारी). वर ताणून आच्छादन. एवढा खटाटोप उन्हाळ्यातल्या चार डुबक्यांसाठी! आणि आच्छादनावर साचणारं पाणी अधूनमधून उपसावं लागतंच, नाहीतर ओझ्यानं ते फाटून सगळा पालापाचोळा आत.