पडद्यापलीकडची खांदेरी

किहीमच्या किनाऱ्यावर उतरणारे अनेक पर्यटक अलिबाग परिसरातील चित्रतारकांच्या बंगल्यांची चौकशी आवर्जून करतात. तेथून थोडे दक्षिणेला, थळसमोरच्या समुद्रात उभ्या असलेल्या खांदेरीची चौकशी करणारे मात्र विरळाच. १६७९ साली इंग्रजांच्या आरमाराला न जुमानता शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी या बेटावर तटबंदीचे काम चालू ठेवले. जुलै २०२५ मध्ये हा जलदुर्ग जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

या विस्मृतीचे खापर पडद्यावर फोडणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि घरोघरी संचाला हार घातले जात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘छावा’ने शंभूराजांचे बलिदान देशभर पोहोचवले. पडद्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे.

परंतु तोच ‘छावा’ पाहून मध्य प्रदेशातील असीरगडाजवळ लोकांनी मोगलांच्या सोन्यासाठी शेते खणली! बलिदानाची कथा पाहिली आणि मनात उरले ते सोने.

चित्रपट भावना जागवतो. तिला वळण लावण्याचे काम घराचे आणि कार्यकर्त्यांचे आहे. दिवाळीत अंगणात किल्ला रचणाऱ्या मुलांना एकदा किनाऱ्यावर न्यावे, खांदेरी दाखवावी, मायनाक भंडारींची कथा सांगावी. पडद्यासमोर डोळे पाणावणे ही सुरुवात आहे. इतिहासाचे ऋण तेवढ्याने फिटत नाही.