नवे टायर बसवताना

साडी घेताना आपण काठ उजेडात धरून पाहतो, डाळ घेताना चार दाणे दाताखाली घालतो. मग सगळं घर ज्या चार टायरांवर भरधाव जातं, ते बदलायची वेळ आली की "ते पुरुषांचं काम" म्हणून बाजूला का व्हायचं? रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतोच आहोत.

कधी बदलावेत? टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, की खाच १.६ मिलिमीटरच उरली असं समजावं. त्याआधीच, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, टायर बदललेले बरे. कडेला फुगवटा आला असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये.

दुकानात काय पाहावं? टायरच्या कडेवर चार आकडे एका चौकटीत असतात. '२३२५' म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. पापडाच्या पुडीवरची तारीख बघतो तशी हीही बघायची. माप जुन्या टायरचं नव्हे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं घ्यावं. दोनच टायर घ्यायचे असतील, तर नवे मागे लावावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं फार कठीण जातं.

बॅलन्सिंग का? धुण्याच्या यंत्रात कपडे एका बाजूला गोळा झाले की ते कसं धडधडतं? चाकाचंही तसंच. रिमच्या कडेला नुसता २० ग्रॅमचा फरक असला, तरी ताशी १०० किलोमीटरला तो जवळजवळ तीन किलोच्या ओढीइतका हिसका देतो, आणि तोही सेकंदाला चौदा-पंधरा वेळा! मग स्टिअरिंग थरथरतं आणि टायर जागोजागी झिजतो. म्हणून टायर रिमवर चढला की चाक यंत्रावर फिरवून घ्यावं. यंत्र सांगेल तिथे वजन लावलं की चाक पुन्हा फिरवायला सांगा. दोन्ही बाजूंना शून्य दिसलं, म्हणजे काम झालं. वजन लावण्याआधी जुनी वजनं काढायला हवीत. टायर ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हही नवा घालून घ्या.

घरात स्पोर्ट्स गाडी असेल तर अधिक काळजी हवी. तिचे टायर रुंद आणि कडेला बुटके, त्यामुळे चढवताना रिमला सहज ओरखडा जातो. अशा टायरांसाठी योग्य यंत्र असेल त्याच दुकानात जावं. ॲलॉय रिमला आतून चिकटवायची वजनं मागावीत. काही गाड्यांत पुढचं-मागचं माप वेगळं असतं, तेव्हा अदलाबदल चालत नाही. टायरवर बाण असेल तर त्याची दिशा चाक पुढे फिरतं तीच हवी.

निघण्यापूर्वी नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळले जाताहेत ना, ते पाहा. शेवटचा आवळ मोजमापाच्या टॉर्क पान्याने हवा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासून घ्यावेत. हवेचं प्रमाण बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. हवा टायर गार असतानाच मोजायची. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो बॅलन्सिंगचा नव्हे, अलाइनमेंटचा दोष. ते काम वेगळं आणि त्याचे पैसेही वेगळे.

नव्या टायरचा तुळतुळीतपणा जायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, वळणावर घाई नको.

एवढं सगळं व्हायला चार चाकांना तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ दुकानातल्या खुर्चीत न बसता यंत्रापाशी उभ्या राहा. "बाई, तुम्हाला काय कळतंय," असं कोणी म्हणालं, तर हसून शून्याच्या आकड्याकडे बोट दाखवा. माणूस लगेच दुसऱ्यांदा चाक फिरवतो!