चौकशी कुठून आली, तेही लिहून ठेवा

हापूसच्या पेट्या थेट घरपोच पाठवणारे बागायतदार आता रत्नागिरी आणि देवगडकडे गावोगावी आहेत. अनेकांनी स्वतःची वेबसाईट केली आहे, तिच्यावर चौकशीचा फॉर्म आहे. सीझन तोंडावर आला की फेसबुकवर जाहिरात लावायची, गुगलवर थोडे पैसे भरायचे, नात्यागोत्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकायची आणि फोनकडे डोळे लावून बसायचं. तुमचंही असंच चालत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. घरगुती मसाले विकत असाल किंवा होमस्टे चालवत असाल, तरी हेच लागू आहे.

फॉर्म भरल्यावर तुमच्या ईमेलमध्ये काय येतं, ते एकदा नीट बघा. नाव. मोबाईल नंबर. आणि खाली, ‘पाच डझनाच्या दोन पेट्या हव्यात, पुण्याला पोचवाल का, भाव काय?’ झालं. हा माणूस तुमच्या दारापर्यंत आला कसा, याचा एक शब्दही त्यात नसतो.

तुम्ही फोन करता, पेटी जाते, पैसे येतात. पुढच्या वर्षी मात्र प्रश्न पडतो, जाहिरात पुन्हा कुठे द्यायची? मग अंदाज सुरू होतात. अंदाजाने चांगली चालणारी जाहिरात बंद होते आणि नुसते पैसे खाणारी चालू राहते. हापूसचा सीझन जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. त्यात चुकलेला हात सुधारायला पुन्हा वर्षभर थांबावं लागतं. म्हणून ही तयारी मोहोर धरतानाच करा.

सुरुवात लिंकपासून करा. तुम्ही वेबसाईटची लिंक जिथे जिथे देता, तिथे प्रत्येक ठिकाणी तिला वेगळी खूण जोडा. या खुणांना यूटीएम म्हणतात. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या जातात: माणूस कुठून आला, कोणत्या मार्गाने आला आणि ती कोणती जाहिरात होती. म्हणजे फेसबुक, पैसे देऊन लावलेली जाहिरात, पाडव्याची सवलत. गुगलने 2005 साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली, तिच्या सॉफ्टवेअरमधून ही पद्धत आली. आज ती जवळजवळ सगळीकडे चालते आणि तिला एक पैसाही पडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या लिंकला तर खूण हवीच. तिथून आलेला माणूस खुणेशिवाय ओळखताच येत नाही. वेबसाईटच्या हिशोबात तो ‘डायरेक्ट’, म्हणजे आपणहून आलेला, धरला जातो. गुगल मॅपवरच्या तुमच्या नोंदीत वेबसाईटची लिंक असते, तिथेही खूण घाला. पेटीवर आणि पत्रकावर क्यूआर कोड छापत असाल, तर दोन्हींचे कोड वेगळे करून घ्या.

खुणांची नावं मात्र एकदाच ठरवा आणि चौकशांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आज ‘फेसबुक’, उद्या ‘एफबी’, परवा इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं, असं केलंत तर एकाच ठिकाणचे गिऱ्हाईक तीन ओळींत विखुरतात. इंग्रजीत लिहिताना सगळी अक्षरं लहानच ठेवा. आणखी एक. तुमच्याच वेबसाईटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या लिंकना या खुणा कधीही लावू नका. लावल्यात, तर माणूस मुळात कुठून आला ते पुसलं जाऊ शकतं.

आता फॉर्मकडे या. खूण लिंकवर आहे, पण ती चौकशीसोबत तुमच्या हातात पडली पाहिजे. वेबसाईट करून देणाऱ्याला सांगा, ‘फॉर्ममध्ये लपलेले रकाने टाक. माणूस ज्या खुणेने आला, ती त्यात आपोआप भरली जाऊन माझ्या ईमेलमध्ये यायला हवी.’ त्याला हे काम समजतं, फार वेळ लागत नाही. एवढं मात्र बजावून सांगा, की माणूस पहिल्या पानावर उतरला की लगेच ती खूण जपून ठेवायची. लोक आधी फोटो बघतात, मग भाव बघतात आणि मग फॉर्मवर जातात. तोवर लिंकवरची खूण गळून गेलेली असते.

काम झालं म्हणाला, की स्वतः तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक आपल्या मोबाईलवर उघडा. दोन पानं फिरा. फॉर्म भरा. ईमेलमध्ये खूण आली का बघा. मग हेच इन्स्टाग्रामवरून करा, आणि घरात कुणाचा आयफोन असेल तर त्यावरूनही. आयफोनवरचा सफारी ब्राउझर अशा जपून ठेवलेल्या खुणा पुष्कळदा सात दिवसांत पुसून टाकतो. त्यामुळे आज बघून पंधरा दिवसांनी फॉर्म भरणाऱ्याची खूण कधी कधी हरवते. यावर सोपा उपाय म्हणजे विचारणं.

फॉर्ममध्ये एक उघड प्रश्नही ठेवा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ उत्तराची सक्ती नको. फोनवर बोलतानाही हेच विचारा. मला तर हा प्रश्न सगळ्या खुणांपेक्षा मोलाचा वाटतो. लिंक सांगते ‘गुगल’. माणूस सांगतो, ‘माझ्या नणंदेने गेल्या वर्षी तुमच्याकडून घेतले होते, मग तुमचं नाव गुगलवर शोधलं.’ खरं गिऱ्हाईक नणंदेने आणलं, हे लिंकला कधीच कळणार नाही. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा.

काही लोक फॉर्म भरतच नाहीत, सरळ व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबतात. त्या बटणात आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. पेटीवरचा कोड सरळ व्हॉट्सअ‍ॅप उघडत असेल, तर त्यात ‘नमस्कार, पेटीवरचा कोड पाहिला’ असं ठेवा आणि वेबसाईटवरच्या बटणात वेगळं वाक्य ठेवा. निरोप आला की कुठून आला ते समजेल.

नुसत्या चौकशा मोजून थांबू नका. समजा, एका जाहिरातीला दहा हजार रुपये गेले आणि चाळीस चौकशा आल्या. पेट्या घेतल्या चौघांनी. दुसरीकडे ग्रुपवरून आठच चौकशा आल्या आणि सहा जणांनी पेट्या घेतल्या. जाहिरात सांभाळणारी एजन्सी तुम्हाला चाळीसचा आकडा दाखवेल. तुम्ही वहीत चौकशीपुढे आणखी दोन रकाने आखा: पेटी गेली का, पैसे आले का. घर या दोन रकान्यांवर चालतं. खोटे नंबर टाकून भरलेले फॉर्मही तिथेच उघडे पडतात.

तरी घाईने जाहिरात बंद करू नका. माणूस फेब्रुवारीत जाहिरात बघतो, मार्चमध्ये मैत्रिणीला विचारतो आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी नाव शोधून फॉर्म भरतो. फक्त शेवटची खूण पाहिलीत, तर पहिल्या ओळखीचं श्रेय हरवतं. वेबसाईटवाल्याला पहिली आणि शेवटची, दोन्ही खुणा ठेवायला सांगा.

जाहिरातीची खाती तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर असू द्या. एजन्सीला वापरायला परवानगी द्या, मालकी देऊ नका. एजन्सी बदलली की सगळा जुना हिशोब तिच्यासोबत गेला, अशी वेळ येऊ देऊ नका.

आणि लोकांनी विश्वासाने दिलेला नंबर सांभाळा. लिंकमध्ये कुणाचं नाव किंवा मोबाईल नंबर घालू नका. ती लिंक कुठे कुठे जाईल, सांगता येत नाही. माहिती कशासाठी घेता, ते फॉर्मखाली साध्या मराठीत लिहा. लोकांची माहिती जपण्यासाठी 2023 साली देशात कायदाही झाला आहे. चौकशीची यादी दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नका, मागणारा नात्यातला असला तरी.

हे सगळं एकदम जमणार नसेल, तर या आठवड्यात दोनच कामं करा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची लिंक खूण घालून तयार ठेवा आणि फॉर्ममध्ये ‘कुठून कळलं?’ हा प्रश्न वाढवा. लपलेल्या रकान्यांचं काम वेबसाईटवाल्याकडून नंतर करून घ्या, पण पहिली पेटी बांधायच्या आधी.