तीन सह्यांचा करार



मुंबईच्या राणीच्या बागेत गिरणगावातल्या कितीतरी पिढ्यांनी सुटीचा दिवस घालवला. पोरांना खांद्यावर घेऊन हत्ती दाखवले, माकडे दाखवली. बागेच्या दाराशीच असलेल्या संग्रहालयाच्या वाट्याला मात्र त्यातले थोडेच आले. १८७२मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून खुले झालेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. १९७५मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. इमारतीची रया मात्र जातच राहिली.

ती परत आली २००३मध्ये झालेल्या एका त्रिपक्षीय करारामुळे. महापालिका मालक, जमनालाल बजाज फाउंडेशन आर्थिक पाठबळ देणारे आणि वारसा-संवर्धन संस्था ‘इन्टॅक’ जाणकार. संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली छताची नक्षी, सोन्याचा मुलामा, मिंटनच्या फरशा असे एकेक काम पुन्हा उजळत गेले. २००५मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि २००८मध्ये दारे लोकांसाठी पुन्हा उघडली.

वास्तूला धनिक दाता मिळाला की काम झाले, असे आपण समजतो. याच इमारतीचा पूर्वेतिहास वेगळे सांगतो. १८६२मध्ये पायाभरणी झाली ती वर्गणीच्या भरवशावर. पुढे कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला, देणग्या आटल्या, काम रखडले आणि अखेर सरकारला हात घालावा लागला. दात्याचा हात आखडला की काम थांबते. करारात मात्र कोणी काय करायचे हे लिहिलेले असते आणि जाब विचारायला जागा असते. शिवाय इथले तिन्ही भागीदार फीत कापून घरी गेले नाहीत. संग्रहालयाच्या कारभारातही ते सोबत राहिले.

खरा कस तिथेच लागतो. भिंती दुरुस्त करता येतात. गोष्ट कोणी सांगायची? या संग्रहालयात मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. प्रत्येकीची पगडी, लुगडे, धंद्याचे हत्यार निरनिराळे. इंग्रजी अमदानीत ‘इथली माणसे’ जाती-जमातींच्या खणांत कशी मांडली गेली, ते त्यांतून दिसते. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले, म्हणून तो इथेच राहिला. हे सारे सांगायला अभ्यासक हवेत, ते मराठीत ऐकवणारे हवेत, आणि परळ-लालबागच्या शाळांना आत आणणारे हवेत. एकट्या मालकाच्या आवाक्यातले हे काम नव्हे.

भागीदारीतही धोका असतोच. पैसे देणाऱ्याची पाटी वास्तूपेक्षा मोठी होते, आणि अडचणीचा इतिहास मुकाट्याने वगळला जातो. म्हणून गोष्ट सांगण्याची जबाबदारीही करारात लिहिलेली असावी, असे आमचे मत आहे. देखभालही तशीच लिहून ठेवायला हवी. हेच संग्रहालय पुढे दुरुस्तीसाठी पुन्हा काही वर्षे बंद राहिले आणि २०२५मध्ये उघडले. दमट हवेच्या या शहरात जुनी इमारत एकदाच वाचवून भागत नाही.

यंदाचा अंक अशा वास्तूंना आणि त्यांच्यासाठी एकत्र आलेल्या माणसांना वाहिला आहे.  वाचकांना एकच विनंती: आपल्या गावात एखादा वाडा, वेस किंवा वाचनालय नव्याने रंगवले गेले, तर खर्च किती झाला एवढ्यावर थांबू नका. पुढच्या पावसाळ्यात गळती कोण काढणार आणि आतली गोष्ट मुलांना कोण सांगणार, तेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्या करारावर गावाची सही अजून व्हायची आहे असे समजा आणि ती करायला पुढे या.



— संपादक