सवलतीबरोबर टाँग टेस्टरही हवा

यंत्रमागाचा धंदा अडचणीत आला की वीजदराची तक्रार पुढे येते. ती खोटी नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २७ अश्वशक्तीखालील यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया आणि २७ ते २०१ अश्वशक्तीच्या मागांना ७५ पैसे जादा सवलत मंजूर केली. पण सवलतीची वीज मोटार तापवण्यातच जात असेल तर जाब कोणाला विचारायचा?

आम्ही कोरेगावचे कापड व्यापारी विटा, इचलकरंजीचा माल घेतो. तिथल्या शेडमध्ये गेले की मोटारींवर रुईचा थर दिसतो. त्याने मोटारीला हवा लागत नाही. बेअरिंग कोरडे, पट्टा नको इतका ताणलेला, रिवाइंडिंग स्वस्तातले. माग चालतो आहे ना, मग कोण बघतो? मोटार जळाली की मिस्त्रीला बोलावणे जाते.

एका मागाने १०० वॉट जादा ओढले तर २० तासांत २ युनिट गेले. असे १० माग, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५०० युनिट. आणि त्यात एक मीटरही कापड जास्त निघत नाही. खर्चीवाल्याला मजुरी मीटरवर मिळते, बिल मात्र त्यालाच भरावे लागते. इस्राफ मना आहे हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, तो शेडमध्येही मनाच आहे.

मोठ्या गिरण्यांत मोटारीचे तापमान आणि थरथर मोबाइलवर दिसते. आठ मागवाल्याला ते परवडणारे नाही, त्याची गरजही नाही. टाँग टेस्टर एका फेजच्या वायरीला अडकवला की मोटार किती अँपिअर घेते ते कळते. एकाच जातीचे कापड विणणाऱ्या मागांचे आकडे महिन्यातून एकदा वहीत लिहावेत. ज्याचा आकडा शेजारच्या मागापेक्षा चढा, त्याचा पट्टा आणि बेअरिंग आधी बघावे. तिन्ही फेजचे आकडे सारखे नसतील तर वाइंडिंग आणि पुरवठा तपासावा.

यात व्यापाऱ्याचाही संबंध आहे. पट्टा सैल पडला की मागाचा वेग उतरतो, धोटा पेटीत वेळेवर पोचत नाही, माग सारखा थांबतो. थांबल्या जागी कापडावर पट्टी येते आणि तो तागा आम्ही भाव पाडून घेतो. भाव पाडायचा हक्क आमचा, तर तपासणीच्या खर्चात वाटाही आमचा असावा. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एक टाँग टेस्टर घ्यावा आणि महिन्यातून एक दिवस वायरमनची मजुरी द्यावी. आमच्या काही व्यापारी बांधवांना हे रुचणार नाही. आमचा वाटा मात्र आम्ही द्यायला तयार आहोत.